बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घराची मागची भिंत: दर्जा (विटांमधले सांधे) उकरण्यापासून भरण्यापर्यंतच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

आज सुरुवात म्हणून फक्त भिंत नीट बघितली आणि फोटो काढले. मागच्या चौकातली पश्चिमेकडची भिंत, चौदा फूट लांब आणि दहा फूट उंच, उघड्या विटांची, प्लास्टर कधीच नव्हतं. विटा जुन्या, पातळ, साधारण नऊ इंच लांब आणि दोन इंच जाड, एका थरात लांबीने लावलेल्या आणि त्याच्या वरच्या थरात रुंदीने. घराच्या कागदावर साल १९०८ आहे, म्हणजे सयाजीराव महाराजांचा काळ. पोरबंदरचा सिमेंट कारखाना चालू झाला १९१४ च्या सुमाराला, त्यामुळे मूळ बांधकामात सिमेंट असण्याची शक्यता फारच कमी, सगळं चुन्यात.

पण १९९८ मध्ये बाबांनी एका गवंड्याकडून सगळ्या दर्जा सिमेंटने भरून घेतल्या होत्या. तेव्हा सगळेच तसं करायचे, मजबुती येईल म्हणून, त्यात बाबांची काही चूक नव्हती. सिमेंट अजून तसंच्या तसं घट्ट आहे, आणि विटा? विटांची तोंडं सुटून पडलीयेत. जिथे जिथे सिमेंटची पट्टी आहे तिथे ती जाळीसारखी पुढे उभी आणि मधली वीट अर्धा इंच आत गेलेली, हात फिरवला की लाल भुकटी हाताला लागते. या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही, पण तो जो सलग पाऊस झाला त्यानंतर भिंत दिवाळीपर्यंत ओलीच होती, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झाडताना सूपभर विटांचा चुरा निघाला, तेव्हाच ठरवलं की हा हिवाळा या भिंतीचा.

आत्या ओवाळायला आली होती, तिला चौकात नेऊन दाखवलं. म्हणाली, अरे मी लहान असताना वरचा मजला दुरुस्त केला ना, तेव्हा पलीकडच्या मोकळ्या जागेत चुन्याची घाणी लावली होती, बैल गोल गोल फिरायचा आणि आम्ही शाळेतून आलो की तिथेच जाऊन बसायचो, आणि चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, त्याचा वास अजून आठवतो. आई म्हणाली, आता कोण घालतंय गूळ. बघू.

१० नोव्हेंबर

दर्जेला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधायला पाहिजे, नाहीतर कितीही छान भरा, दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. तर आज दिवसभर हेच केलं.

एक, गच्चीवरून येणारा पावसाचा पाइप वरून तिसऱ्या जोडाला फुटलेला, आणि पाणी पाइपाच्या मागून सरळ भिंतीवर. दोन, भिंतीच्या पायाशी कधीतरी सहा इंच उंचीचा सिमेंटचा उतार बांधलेला, धुवायला सोपं जावं म्हणून, पण त्याच्यामुळे जमिनीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि वर चढते. तीन, बाहेरचा रस्ता. दरवेळी जुन्यावर नवीन थर टाकत टाकत रस्ता इतका वर आलाय की आमचा उंबरा, जो आजोबांच्या वेळी रस्त्यापासून दोन पायऱ्या वर होता, तो आता रस्त्याच्या लेव्हलला आहे. त्याचं मी काही करू शकत नाही, पण पहिल्या दोन गोष्टी करता येतात. पाइप बदलला, सिमेंटचा उतार फोडून काढला आणि तिथे सध्या नुसती खडी घातली.

खालच्या चार-पाच थरांवर पांढरा लोणा आलाय. तो पाण्याने धुवायचा नाही, हे कळायला मला जरा वेळ लागला. धुतला की मीठ विरघळून परत विटेत जातं आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येतं. कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली कागद धरायचा आणि कागद उचलून फेकून द्यायचा. आज अडीच मूठ निघाला. दर रविवारी झाडणार.

वरच्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप आहे, करंगळीएवढं. उपटलं नाही, उपटलं तर मूळ आत तुटून राहतं आणि ओढताना वीट हलते. सध्या बुंध्याशी कापलंय, त्या भागातली दर्ज उकरू तेव्हा मुळासकट काढू.

१६ नोव्हेंबर, शनिवार

चुना भिजवला. वीस किलो कळीचा चुना आणला, दुकानदाराला आधीच सांगून ठेवलं होतं की ताजा पाहिजे, भट्टीतून आलेला, खडे वाजले पाहिजेत. जुना हवा लागलेला असेल तर तो आधीच पीठ झालेला असतो आणि पाण्यात टाकला तरी ढिम्म, काही होत नाही.

लोखंडी पिंपात आधी पाणी घेतलं आणि मग त्यात चुना थोडा थोडा टाकला. हा क्रम महत्त्वाचा आहे, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. प्लॅस्टिकची बादली पण नको, वितळू शकते इतका तो तापतो. पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही, मग एक खडा तडकला, मग दुसरा, आणि मग पूर्ण पिंप भात शिजताना होतं तसं रटरटायला लागलं, वाफेने चष्मा भरला. मी गॉगल, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट असं सगळं घालून होतो, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली, कारण चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचा आणि तसाच डॉक्टरकडे जायचं. शेजारच्या मुलांना आत येऊ दिलं नाही, त्यांना खिडकीतून दाखवलं.

थंड झाल्यावर जाळीतून गाळला, न भिजलेले खडे वेगळे काढले. आता हा लोण्यासारखा चुना वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवायचा. जितका मुरेल तितका मऊ आणि चिकट होतो. मला महिना तरी द्यायचाय.

१७ नोव्हेंबर

जुन्या चुन्याचा नमुना काढला. मागच्या बाजूला जिथे सिमेंट पोचलं नव्हतं, माळ्याखाली, तिथून दोन मुठी. वाळवून हलक्या हाताने फोडला, विटेचा आणि वाळूचा दाणा फुटणार नाही असा. १०० ग्रॅम मोजून काचेच्या भांड्यात घेतला आणि अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, पातळ केलेलं ॲसिड थोडं थोडं घातलं. चुना फसफसून विरघळतो, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, खाली राहते. फसफस पूर्ण थांबल्यावर गाळून, धुऊन, वाळवून वजन केलं तर ७८ ग्रॅम उरलं. म्हणजे अंदाजाने एक भाग चुना, एक भाग सुरखी, दीड भाग वाळू. हा अंदाजच आहे, वाळूत चुनखडीचे कण असतील तर तेही विरघळतात, पण सुरुवातीला इतकं पुरेसं आहे.

उरलेलं भिंगाखाली बघितलं. लाल सुरखीचे कण, काही अगदी पीठ आणि काही ज्वारीच्या दाण्याएवढे, वाळू टोकदार, पिवळसर आणि काही दाणे काचेसारखे स्वच्छ. आणि कोळशाचे दोन काळे तुकडे, बहुतेक भट्टीतले.

सुरखी नुसती रंगाला नसते. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणजे बाहेरून आत, हळूहळू, आणि सतत ओल असेल तर होतच नाही. सुरखी चुन्याशी स्वतः जुळते आणि ओलीतही पकड धरते. आपल्याकडे चार महिने पाऊस, म्हणून जुन्या लोकांनी ती घातली. मात्र वीट फार कडक भाजलेली नको, काळपट झालेली वीट कुटून काही उपयोग नाही, मध्यम भाजलेली नारिंगी वीट हवी. आमच्याकडे जुन्या स्वयंपाकघराच्या भिंतीचे तुकडे पडून होते, तेच कुटायला घेतले. मास्क लावून.

२४ नोव्हेंबर

आज दोन गोष्टी झाल्या, एक वाईट आणि एक फार चांगली.

वाईट आधी. ओळखीतला एक ठेकेदार म्हणाला होता की दोन दिवसांत सगळ्या दर्जा मोकळ्या करून देतो, त्याने माणूस पाठवला आणि तो ग्राइंडर घेऊन आला. मी चहा आणायला आत गेलो आणि बाहेर येईपर्यंत त्याने एक आडवी दर्ज आणि तीन उभ्या दर्जा कापल्या होत्या. आडवी बरी होती. उभ्या दर्जेची उंची दोन इंच, ग्राइंडरचं पातं चार इंचाचं, ते वर आणि खाली विटेत घुसणारच. तीन ठिकाणी वरच्या आणि खालच्या विटेला कायमच्या खाचा पडल्या. त्याला थांबवलं, दिवसाचे पैसे दिले आणि पाठवून दिलं. ११६ वर्षं टिकलेल्या विटा होत्या त्या, दोन मिनिटांत कापल्या गेल्या, मला संध्याकाळपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

चांगली गोष्ट ही की कोपऱ्यातला लाकडी मीटरबोर्ड काढला. मीटर कधीच पुढे हलवलाय, बोर्ड नुसता अडकलेला होता. त्याच्या मागे साधारण एक फूट बाय एक फूट भिंत तशीच्या तशी, १९९८ च्या गवंड्याने बोर्ड काढायचा कंटाळा केला म्हणून वाचलेली. चुन्याची दर्ज, फिकट गुलाबी, विटेच्या तोंडापासून जेमतेम दोन मिलीमीटर आत, सपाट, आणि तिच्यात चुन्याचे पांढरे ठिपके, साबुदाण्याएवढे. कुठेही विटेवर चुना फासलेला नाही. विटांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. मी टॉर्च तिरपी धरून किती वेळ बघत होतो. आपल्याला काय करायचंय याचा नमुना घरातच होता, आई रोज त्याच्यासमोर वाती वळायला बसायची.

तो चौकोन तसाच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. खडूने रेघ मारून ठेवलीये.

१ डिसेंबर

कडियाकाका, म्हणजे गवंडीकाका, मिळाले. पादरा तालुक्यातले, साठीच्या पुढचे, वडिलांबरोबर लहानपणी चुन्याचं काम केलेलं. भिंत बघून आधी दहा मिनिटं काही बोललेच नाहीत, मग मीटरबोर्डच्या मागच्या चौकोनावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘भाई, आ चूनो छे, उतावळ ना कराय.’ मी म्हटलं काका, मला घाई नाहीच आहे, पावसाळ्याआधी झालं म्हणजे झालं.

त्यांनी पहिल्या दिवशी फक्त हत्यारं केली. बाजारात मिळणारी छन्नी दर्जेसाठी जाड पडते, आमची दर्ज आठ ते दहा मिलीमीटर. म्हणून लोहाराकडून सहा मिलीमीटर जाडीच्या दोन छन्न्या ठोकून आणल्या, आणि भरण्यासाठी सळई चपटी करून लांब बारीक थापी, तीन वेगवेगळ्या रुंदीच्या.

८ डिसेंबर

उकरणं चालू. खरं काम हेच आहे, आणि सगळ्यांना वाटतं ते भरण्याचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिमेंटची पट्टी विटेच्या कडेला चिकटलेली असते, थेट खेचली तर विटेची कड घेऊन येते. म्हणून काका आधी दर्जेच्या बरोबर मध्यात छन्नी लावून पट्टी आडवी फोडतात, मग मधून बाहेर, विटेपासून लांब, असं हलवत काढतात. जिथे सिमेंट फारच घट्ट तिथे मध्यात बारीक ड्रिलने ओळीने भोकं पाडायची आणि मग ती भोकं छन्नीने जोडायची, तसं केलं की ते स्वतःच सैल होतं. आधी आडव्या की आधी उभ्या यावर आमचा थोडा वाद झाला, मी म्हणत होतो आडव्या, काका म्हणाले उभ्या आधी, कारण आडवी मोकळी झाली की वीट थोडी सैल होते आणि मग उभ्या दर्जेवर घाव घातला तर हलते. दोन्ही करून बघितलं. काकांचं बरोबर होतं.

खोली किती? दर्जेच्या रुंदीच्या निदान दुप्पट, आम्ही सगळीकडे २५ मिलीमीटर धरलंय. एका लाकडी पट्टीला खिळा ठोकून २५ मिलीमीटर बाहेर ठेवलाय, तो दर्जेत घालून फिरवायचा, कुठे अडला तर अजून उकरायचं. आणि आतला तळ चौकोनी हवा. इंग्रजी व्ही सारखा निमुळता राहिला तर नवीन चुना कडेला पातळ राहतो, त्याला पकड मिळत नाही, आणि दोन वर्षांत पापुद्रा सुटतो. जिथे आत चांगला घट्ट जुना चुना लागतो तिथे थांबायचं, आणखी खणायचं नाही. पण काही ठिकाणी आतला चुना पीठ झालाय, तिथे ४० मिलीमीटरपर्यंत जावं लागलं. त्यापेक्षा जास्त पोकळ असेल तर थोडं थोडं करायचं, एका वेळी तीन फुटांपेक्षा जास्त लांब मोकळं ठेवायचं नाही.

वेग: काका आणि मी मिळून दिवसाला बारा चौरस फूट. १४० चौरस फूट भिंत. मी फक्त शनिवार-रविवार आणि सुट्टीचा, काका बाकीचे दिवसही येतात. आई रोज चार वाजता चहा घेऊन येते आणि किती झालं ते बोटाने मोजते.

पिंपळाचं मूळ पाच थर खाली गेलेलं निघालं, सुतळीएवढं, पूर्ण निघालं.

१५ डिसेंबर

नऊ विटा अशा आहेत की तोंड पूर्ण गेलंय. नवीन विटा आकाराने जुळत नाहीत, आत्ताची वीट जाड असते. काकांनी सुचवलं की वीट काढून उलटी फिरवून लावू, मागचं तोंड पुढे. आधी मला वाटलं मागचं तोंड कसं काय चांगलं असेल, पण ते आत होतं, त्याला ना ऊन ना सिमेंट. सातही उलटवलेल्या विटा छान निघाल्या. दोन तुटल्या, त्यांच्या जागी आमच्याच माळ्यावरच्या जुन्या दोन बसवल्या. वीट बसवताना तिला बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची, नाहीतर ती चुन्यातलं पाणी पिऊन टाकते.

आज नमुन्याच्या वड्या आणि पट्ट्या केल्या. खाली तुळशीमागे जिथे दिसत नाही तिथे तीन दर्जा, तीन प्रमाणं: १ चुना १ सुरखी १ वाळू, तसंच दीड वाळू, आणि दोन वाळू. वाळू ओरसंग नदीची, दोनदा धुतलेली, कारण मातीचा अंश असला तर चुना तडकतो. धुतल्याचं बघायचं असेल तर काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून ठेवा, वर गढूळ थर जाड दिसला तर अजून धुवा. आणि जुन्या दर्जेत जेवढे मोठे दाणे होते तेवढे नव्यातही हवेत, बारीक रेती एकटी नको.

ओला असताना तिन्ही फार गडद दिसत होते. रंग वाळल्यावरच बघायचा.

गूळ आणि हिरडा? काकांना विचारलं. ते म्हणाले छतासाठी, गच्चीसाठी घालायचे, दर्जेसाठी त्यांच्या वडिलांनी घातला नाही. नाही घालत. आत्याला फोन करून सांगितलं, तिला जरा वाईट वाटलं.

२५ डिसेंबर

दहा दिवस वाळल्यावर: १:१:१ ला केसासारख्या चिरा. १:१:२ चोळला तर थोडा झडतो. दीड वाळूवाला नमुना बोर्डच्या मागच्या चौकोनाशी रंगाने आणि स्पर्शाने जवळ जवळ सारखा, आणि नखाने दाबलं तर विटेपेक्षा किंचित मऊ. हेच हवं होतं. दर्ज विटेपेक्षा नेहमी मऊ असली पाहिजे, म्हणजे भिंत हलली, तापली, ओली झाली, तर जे काही सोसायचं ते दर्ज सोसते आणि ओलही तिच्यातून बाहेर जाते. सिमेंट उलटं वागतं, ते ओल अडवतं, मग ओल विटेतून बाहेर पडते आणि मीठ विटेच्या तोंडात साठून तोंड फोडतं. २६ वर्षं आमच्या भिंतीत हेच चाललं होतं.

मसाला, म्हणजे चुना-सुरखी-वाळूचं मिश्रण, किती लागेल त्याचा हिशोब: दर्जेचा भाग भिंतीच्या साधारण पाचवा हिस्सा, खोली २५ मिलीमीटर, १४० चौरस फूट, म्हणजे सत्तर लिटरच्या आसपास. चुना भरपूर आहे, मुरलेल्या चुन्याची वर आलेली साय हाताला लोण्यासारखी लागते.

२९ डिसेंबर

भरायला सुरुवात. आधी दर्जा ब्रशने आणि फुग्याने फुंकून साफ, वरून खाली, आत धूळ राहिली तर मसाला धुळीलाच चिकटतो, विटेला नाही. मग आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पाण्याचा फवारा, वीट आतून ओली पण वरून पाणी चकाकत नाही अशी.

मसाला पाणी न घालता कुटून कुटून मऊ करायचा. आपल्याला वाटतं कोरडा आहे, पाणी घालू, पण चुना कुटल्यावर स्वतःच सुटतो. काका अर्धा तास कुटत बसले होते. मूठ वळली तर लाडू झाला पाहिजे आणि हाताला चिकटायला नको. पाणी जास्त झालं की वाळताना आकसतो.

भरताना एकदम २५ मिलीमीटर नाही. दहा दहा मिलीमीटरचे थर, बारीक थापीने दाबून दाबून, आधीचा थर जरा घट्ट झाल्यावर दुसरा. थापीवर मसाल्याचं लांबट वळकट ठेवून ती दर्जेला टेकवायची आणि मागून दुसऱ्या थापीने ढकलायचं, म्हणजे विटेच्या तोंडाला चुना लागत नाही. काकांचं बघत राहावं. माझं लागतंच थोडं, ते लगेच नाही पुसायचं, पुसलं की पसरतं, जरा आवळल्यावर लाकडी काडीने उडवायचं.

५ जानेवारी २०२५

एक चूक. शुक्रवारी काकांना गावी जायचं होतं आणि मी एकट्याने डाव्या टोकाचं तीन फूट भरलं, दुपारी दीडला. पश्चिमेचं ऊन तिथे सरळ येतं, वारा होता, आणि मी गोणपाट लावायला संध्याकाळी गेलो. काल बघितलं तर वरचा थर पांढरा पडून पीठ झालाय, बोटाने उकरला जातो. चुना सावकाश सुकला पाहिजे, पाणी लगेच उडून गेलं तर तो घट्ट होतच नाही, नुसता वाळतो. ते तीन फूट पुन्हा २५ मिलीमीटर काढलं. आज सकाळी काकांबरोबर परत भरलं, लगेच ओलं गोणपाट भिंतीपासून दोन इंच लांब, दोरीवर टांगून. टेकवायचं नाही, टेकवलं तर डाग पडतात.

आता नियम असा की दुपारी बारानंतर त्या टोकाला भरायचं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. आज आणि उद्या काम बंद, काका गावी, आख्खा दांडिया बाजार गच्चीवर. सकाळी फक्त फवारा मारून गोणपाटं ओली केली आणि मग मीही वर गेलो, उंधियू आणि जिलेबी झाल्यावर दुपारी एकदा परत खाली. पतंगांमुळे पोरं भिंतीवर चढतात म्हणून चौकाचं दार लावून ठेवलंय. दुपारी वारा खूप होता, पतंगांना चांगला, चुन्याला नाही, तीन वेळा फवारा मारावा लागला.

२६ जानेवारी

शेवटची दर्ज भरून झाली. सकाळी झेंडावंदनाला जाऊन आलो आणि मग वरचा शेवटचा कोपरा.

पृष्ठभाग कसा केला ते लिहायचं राहिलं होतं. भरताना दर्ज विटेच्या तोंडाबरोबर भरायची. मग थांबायचं, किती ते हवेवर, आमच्याकडे आदल्या दुपारचं दुसऱ्या सकाळी. अंगठा दाबला तर खूण पडायला नको पण नख दाबलं तर पडायला हवी, अशा वेळी कडक ब्रशने ठोकायचं, घासायचं नाही, ठोकायचं, काटकोनात. त्याने दोन गोष्टी होतात, मसाला आणखी दाबला जातो आणि बारीक चिरा बंद होतात, आणि थापीमुळे वर आलेली चुन्याची साय निघून वाळूचा दाणा दिसतो, म्हणजे दर्जेला श्वास घ्यायला जागा राहते. गुळगुळीत थापीने घोटलेली दर्ज दिसायला छान वाटते पण तिच्यावर चुन्याची पातळ पापडी होते. ठोकल्यावर ती आपोआप दोन मिलीमीटर आत जाते, बरोबर बोर्डच्या मागच्या चौकोनासारखी. पहिल्यांदा ते जुळलं तेव्हा काकांनी नुसती मान हलवली.

ग्राइंडरच्या तीन खाचा बुजवल्या नाहीत. सुरखी-चुन्याने भरता आल्या असत्या पण वेगळ्या दिसल्या असत्या. राहू दे.

१६ फेब्रुवारी

गोणपाटं काढून दोन आठवडे झाले. मामेबहीण शाळेत केमिस्ट्री शिकवते, तिने फिनॉल्फथॅलिनची बाटली दिली. १५ डिसेंबरच्या वडीचे दोन तुकडे करून ताज्या तुटलेल्या बाजूवर दोन थेंब टाकले, मधला भाग रंगपंचमीसारखा गुलाबी आणि कडेला चार मिलीमीटरची बिनरंगी पट्टी. गुलाबी म्हणजे तिथे चुना अजून चुनाच आहे, बिनरंगी म्हणजे तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड पोचून तो परत चुनखडी झालाय. दोन महिन्यांत चार मिलीमीटर. म्हणजे दर्जेच्या आतलं काम अजून बराच काळ चालणार आहे, आणि आपण फक्त वाट बघायची.

खालच्या दोन थरांवर लोणा अजून येतो, पण आता तो दर्जेवर येतोय, विटेवर नाही. दर्ज परत भरता येते. तिथे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भरावं लागेल असं काका म्हणतात, आणि मला ते मान्य आहे. उरलेला चुना पिंपात पाण्याखाली ठेवलाय.

जुन्या चुन्याचा नमुना, ॲसिडनंतर उरलेली वाळू, आणि आम्ही वापरलेल्या मिश्रणाची वडी, तिन्ही बरण्यांत भरून तारखा लिहून माळ्यावर ठेवल्यात.

२९ जून २०२५

परवा रात्री जोरदार पाऊस झाला, भिंत वरपासून खालपर्यंत भिजली. काल दिवसभर उघडीप. दुपारी चारला आई चहा घेऊन चौकात आली आणि म्हणाली, इकडे ये, हे बघ. विटा कोरड्या होऊन त्यांचा फिकट रंग परत आला होता, आणि दर्जा अजून ओल्या, गडद, म्हणजे पूर्ण भिंतीवर कोणीतरी पेन्सिलने रेघा ओढल्यासारखं दिसत होतं. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला रेघाही वाळल्या. खाली हात फिरवून बघितला. बोटाला लाल काही लागलं नाही.